आधी समोरच्याची बाजू

तळमजल्यावरच्या खोलीत व्यायामाची यंत्रं बसवायची, हे सोसायटीच्या चेअरमननी परस्पर ठरवून टाकलं आणि सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या खोलीत रोज संध्याकाळी ते इमारतीतल्या मुलांना प्राचीन काव्य, तर्क आणि वादविद्या शिकवत. तेही फुकट! कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक दुपारभर झोपा काढतात. सरांनी मोबाइलात मान घातलेली पोरं ओढून आणून बसवली होती. आणि आता तिथे जागच्या जागी धावायचं यंत्र!

"धावून पोचायचं कुठे, तेवढं सांगा!" सर जिन्यातच कडाडले.

"रविवारी मीटिंग आहे, तिथे बोला," चेअरमन म्हणाले. त्यांचं फरशांचं दुकान होतं. हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय होती.

विद्येचं सामर्थ्य विद्यार्थ्यानेच दाखवावं, असं सरांनी ठरवलं. वर्गात सगळ्यांत तरबेज त्यांचीच नात, चिमी. वर्गाचा नियम जुन्या पंडितांचा होता: आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही त्याच्याहून चांगली, मगच तिचा फडशा पाडायचा. नियम मोडणाऱ्याला सर वर्गाबाहेर उभं करत.

त्याच खोलीत भरलेल्या मीटिंगमध्ये चिमी उभी राहिली. "ही खोली सगळ्यांची आहे, पण वापरतो आम्ही मूठभर. इमारतीतल्या आज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना चालायला जागा नाही. कविता घरीही वाचता येते. यंत्र घरात मावत नाही."

चेअरमन आ वासून ऐकत होते. यातला एकही मुद्दा त्यांना सुचला नव्हता. सर डोळे मिटून मान डोलावत होते. वा! आता उलटवणार!

"शिवाय आमचे सर इतक्या जोरात शिकवतात, की पहिल्या मजल्यावरचं बाळ झोपत नाही."

"अगदी खरंय गं बाई!" बाळाची आई ओरडली. टाळ्या सुरू झाल्या. सेक्रेटरींनी तेवढ्यात मतदान घेतलं आणि भराभर हात वर झाले.

"थांबा! ही तुमची बाजू होती! आमची अजून यायचीय!"

"सर, सगळ्यांचं एकमत झालंय, आता कशाला?" सेक्रेटरी म्हणाले आणि मीटिंग उठली.

"आजोबा, माझे खरे मुद्दे राहिलेच," चिमीचे डोळे भरून आले.

"अर्धं ऐकून हात वर करतात! लाजा वाटत नाहीत!" सर संतापून म्हणाले.

इतक्यात चेअरमन लगबगीने आले. "काय बोलली हो पोरगी! आमचा नातू चार लोकांत तोंड उघडत नाही. हे असं शिकवतात कुठे?"

"या खोलीत," सर म्हणाले. "आत्ताच बंद केलीत."

चेअरमननी डोकं खाजवलं. "मग... पुढच्या रविवारी विषय परत घेऊ," असं पुटपुटत ते निघून गेले.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चिमे, या वेळी आपलीच बाजू आधी मांड."

"पण नियम मोडला तर तुम्ही वर्गाबाहेर उभं करता ना?"

"वर्ग आहे कुठे, बाहेर उभं करायला!" सर कडाडले, आणि पहिल्या मजल्यावर बाळाने भोकाड पसरलं.