सावंतांना मामा म्हणू नये

सावंतांना मामा म्हटलेलं चालत नसे. काका म्हणा, आजोबा म्हणा, नुसतं "ओ सावंत" म्हणा, ते हसून वळायचे. पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत नव्याने आलेल्या एखाद्या पोराने "मामा" म्हणून हाक मारली, की ते हातातली पिशवी खाली ठेवायचे. "माका मामा म्हणूचा नाय हां," असं बजावायचे, आणि पिशवी उचलून चालू लागायचे.

गंमत म्हणजे जगभरचे मामा त्यांना तोंडपाठ होते. सावंत गोदीत कारकून. बोटीवरून उतरणाऱ्या मालाची मोजदाद करायची हे त्यांचं काम, पण बोट कुठल्याही देशाची असो, खलाशी गाठून ते आधी विचारत, "तुमच्यात मामा म्हणजे कोण?" चिन्याने आई सांगितलं. गोऱ्याने आई सांगितलं. आफ्रिकेच्या खलाशानेही आईच सांगितलं, तेव्हा सावंत वैतागले. "सगळीकडे आवसच. भावाक कोण इचारीत नाय." मग एका रशियन बोटीवर त्यांना जॉर्जियाचा मिशीवाला भेटला. त्याच्या भाषेत मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात देदा. त्या संध्याकाळी सावंत पेढे वाटायला निघाल्यासारखे दारोदार फिरले. "आयकलंस? थंय मामा म्हणजे बापूस!"

त्यांच्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची. एकदा त्यांनी भर चौकात ड्यूटीवरच्या हवालदाराला अडवलं. "तुमका सगळी मुंबय मामा म्हणता. तुमका खरी भाचरां किती?" हवालदार दांडका हलवत पुढे आला आणि मी शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघायला लागले. मला बांगड्या नको होत्या.

हा शब्द आला कुठून, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. संस्कृतातला मातुल त्यांना पटत नसे. "तो पोथीतलो. मामा हो शब्द कोणी खयसून आणूक नाय. तान्ह्या पोराचे ओठ मिटले नि उघडले, का तो भायर पडता. पोर नुसती हाक मारता. ज्या मुलखात जो पयलो धावलो, तेचा ता नाव पडला."

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी माझं लग्न ठरलं. आमच्यात मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी पुकारतात आणि मुलीला तिचा मामा बोहल्यावर घेऊन येतो. माझी आई एकुलती एक. तिने सावंतांना चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, "भावोजी, हिला तुम्ही न्याल का?"

सावंतांनी कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं, ते चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं, म्हणून वडिलांनी तिचं नाव टाकलं होतं. ती वाकोल्याला राहायची. वडील गेल्यावर काही वर्षांनी ती स्वतः मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. सावंत इस्त्रीचे कपडे घालून हॉलपर्यंत गेले, पण नातेवाईक काय म्हणतील म्हणून समोरच्या पानाच्या गादीपाशीच थांबले. आतून लाउडस्पीकरवर गुरुजी मुलीच्या मामाला बोलवत राहिले.

"हाक माका आयकाक येय होती," सावंत म्हणाले. "पाय उचलाक नाय. शेवटी मांडव घालणारो माणूस पोरीक घेवन गेलो. आता खयच्या तोंडान हिच्या मागे उभो रवू?"

आईने त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला. मला कुठे बघावं कळेना. भरलेला कप तसाच ठेवून सावंत उठले. "इचारून सांगतंय," म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त आला तरी सावंतांचा ना होकार, ना पत्ता. मी वधूच्या खोलीत हार धरून बसले होते. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," गुरुजींनी पुकारलं. आई दाराशी घिरट्या घालत होती. आता आपल्यालाही मांडववालाच, या विचाराने माझा चेहरा तापला.

तेवढ्यात सावंत घामाघूम होऊन आत आले. मागे कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. "ही माझी भाची," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"काल घरी आले नि दारातच उभे," ती मला म्हणाली. "आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, एका मुलीला न्यायचंय, पण तुला विचारल्याशिवाय नेणार नाही. माझ्या लग्नात मला एवढी लाज वाटली होती ना, की यांचं तोंड बघायचं नाही ठरवलं होतं. पण दारात रडायला लागले. मग म्हटलं, न्या. मी बघायला येईन."

गुरुजींनी पुन्हा पुकारलं. सावंतांनी माझा दंड धरला. पण त्यांचे पाय जागचे हलत नव्हते.

भाचीने त्यांच्या पाठीवर हात टेकला. "चला मामा. बोलावतायत."

आता म्हणतील, माका मामा म्हणूचा नाय. मी वाट बघितली. ते काही बोलले नाहीत. मान खाली घालूनच निघाले, आणि इतके भरभर, की शालू सावरत मला त्यांच्याबरोबर धावावं लागलं.