आप्पाच्या गालावरचा घोडा

निमोण्यातल्या नामदेव आप्पाच्या गालावर घोड्याचा केस उगवलेला. असं तो स्वतःच सांगायचा. लहानपणी गालावर वाटाण्याएवढं आवाळू आलं. चामखीळ समजून आईनं त्याला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. आवाळू काही गळलं नाही, उलट पुढं त्यातूनच केसांचा झुपका निघाला. आप्पाचं म्हणणं, बांधलेल्या केसानं मूळ धरलं.

मग झुपक्याला रोज खोबरेल. न्हाव्याला ताकीद, "बाकी डोकं तुझं, एवढं माझं." सत्तरीत कांद्याची गोण उचलली की म्हणायचा, "घोडा हाय अंगात. तुमच्यागत गाढव न्हाई."

मी आप्पाचा जुना जोडीदार. माझ्या मानेवर गाठ आली. वाढत चालली. पण आमची कारभारीण गाठीनंच गेली, दवाखान्यात. तेव्हापासून मी दवाखान्याची पायरी चढत नव्हतो. दौंडची लेक येऊन रडली, तिलाही हाकललं.

एक दिवस आप्पा आला. "माझी गाठ दुखाय लागलीय. शिरूरला चल संगट. एकट्याला भ्या वाटतं."

"घोड्याला भ्या?"

"चल म्हंतो न्हवं."

गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याची गाठ कापली. गालावर पट्टी लावून बाहेर आला आणि दारात आडवा उभा राहिला. "बाई, आता ह्या आबाची घ्या. कडी लावा, पळंल म्हातारं."

दोन्ही गाठी तपासायला गेल्या. ते आठ दिवस मला भाकरी गिळवली नाही.

निकाल आला. दोन्ही साध्या, केसाच्या मुळाशी होतात त्या. जिवाला काही नाही. बाई हसून म्हणाल्या, "आप्पा, तो केस तुमचाच होता, घोड्याचा नव्हता."

"आसूं द्या. गावात सांगू नगा."

आप्पा औषधं घ्यायला गेला, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "त्यांना आधीच सांगितलं होतं, काढायची गरज नाही. दुखतही नव्हती. म्हणाले, माझी कापल्याबिगर तो यायचा न्हाई."

गावात उतरलो तर आप्पानं हलगी बोलावलेली. वेशीपासून घरापर्यंत मला वाजवत नेलं. पुढं हा पेढे वाटतोय, "आबा पास झाला, आबा पास झाला."

माणसं पांगल्यावर विचारलं, "दुखत नव्हती, तर कापलीस कशाला?"

तो ओट्याची माती उकरत बसला.

"मला बायको न्हाई, पोर न्हाई. तूबी गेल्यावर थापा कुणाला मारू?"

म्हटलं, "मार."