न गळणारी आइसकँडी

दुकानातून चार आइसकँड्या आणायच्या, एवढंच काम होतं. पण नवरा प्लंबर असला आणि त्याला आपल्या हातांचा भारी अभिमान असला, की एवढंच काम कधीच एवढंच राहत नाही, हे ती लग्नानंतर फार लवकर शिकली होती.

ती स्वतः लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्यांच्या शेजारी बसून दिवसभर "हळू... ब्रेक... ब्रेक म्हटलं मी!" म्हणत राहिलं की माणसाला डोकं शांत ठेवायची सवय लागते. या दोन दिवसांत मात्र तिचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीचे टॉन्सिल काढले होते. ऑपरेशन छान झालं, तिला घरी आणलं, आणि पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. आठ वर्षांच्या या मुलीला घरात सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत ती बंद म्हणून होत नसे. तोच रेडिओ आता चिडीचूप होता. दुखेल ही भीती मनात अशी बसली होती, की पाण्याचा घोटसुद्धा ती तोंडात धरून बसे आणि हळूच बेसिनमध्ये टाकून येई.

"संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही, तर परत घेऊन या. सलाईन लावावं लागेल," डॉक्टरांनी सकाळी फोनवर सांगितलं. "गार काहीतरी द्या. आइसकँडी द्या ना! फक्त लाल नको, रक्त आलं तर ओळखू येत नाही, आणि आंबट नको."

सलाईनची सुई म्हटल्यावर रेडिओच्या गालांवरून टपाटप पाणी ओघळलं, तेही आवाज न करता. ते बघून आईच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"अहो, कोपऱ्यावरच्या दुकानातून चार कँड्या आणता का पटकन?"

"दुकानातून?" प्लंबरनं असं तोंड केलं, जणू तिनं त्याला दुसऱ्या प्लंबरला बोलवायला सांगितलं होतं. "त्यात काय असतं माहितीये? नळाचं पाणी आणि रंग. नळाचं पाणी काय असतं ते मला विचार! माझ्या पोरीला मी स्वतः करून देणार. खरबुजाची."

"साचा कुठाय आपल्याकडे?"

"साचा!" तो हसला आणि आपली हत्यारांची पेटी उघडून बसला.

स्टीलच्या पाईपचे नवेकोरे तीन तुकडे त्यानं उकळून काढले. बुडाला टोपण लावलं. काडी सरळ उभी राहावी म्हणून तोंडाला रेड्यूसर, म्हणजे जाड पाईपला बारीक पाईप जोडायचा तो निमुळता तुकडा, बसवला. प्रत्येक जोडाला पांढरी टेप गुंडाळली आणि मोठा पाना घालून दात-ओठ खात आवळली. खरबुजाचा रस भरला, वरच्या बारीक भोकातून काडी खोचली, बोट दाबून एक पाईप उलटा धरला आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघ. एक थेंब गळतोय का?"

"नाही गळत. पण कँडी बाहेर कशी येणार? तोंड बारीक आणि पोट मोठं."

"अगं, रेड्यूसर काढायचा की! आटे कशाला असतात?"

दुपारभर उन्हानं घर तापत राहिलं, फ्रीज घरघरत राहिला आणि रेडिओ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार वाजता प्लंबरनं पहिला पाईप बाहेर काढला, काडी धरून ओढली आणि काडी तेवढी हातात आली.

मग रेड्यूसर. तो हलेना. गोठताना पाणी फुगतं, त्यानं लोकांचे पाईप फुटतात, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगण्यात या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण ते गिऱ्हाइकांचे पाईप. आपल्या घरच्या रसानं आतून जोडाला असं धरून ठेवावं, हे त्याला अपेक्षित नव्हतं.

"गरम पाण्यात धरा जरा," ती म्हणाली.

त्यानं उकळत्या पाण्यात धरला, आणि तोही जरा नव्हे, चांगला धरला. जोड सुटला तेव्हा आतून वाटीभर कोमट रस बाहेर आला. तो तिनं वाटीत धरून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्याला त्यानं गरम पाणी दाखवलंच नाही. पाईप दोन गुडघ्यांत दाबला, पाना लावला आणि सगळं अंग टाकलं. रेड्यूसर कट्कन सुटला. मग बुडाकडून त्यानं हातोडी घातली. एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्याला कँडी बंदुकीतून सुटावी तशी सुटली, भिंतीवर आपटली, तिचे तुकडे झाले आणि सगळे बेसिनच्या भोकात गेले. आयुष्यभर लोकांच्या बेसिनमधून अंगठ्या आणि चमचे बाहेर काढणारा तो माणूस त्या भोकाकडे बघत उभा राहिला.

"आता तरी जाऊ का दुकानात?" तिनं विचारलं. पाच वाजत आले होते आणि रिकाम्या पोटानं संध्याकाळ जवळ येत होती.

"एक राहिलीये," तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. ठोकाठोकीनं रेडिओ उठून दारात येऊन उभी राहिली होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत काहीतरी कुतूहल दिसत होतं. ते पाहून बापाच्या अंगात बळ आलं. तिसरा रेड्यूसर त्यानं अगदी हलक्या हातानं सोडवला. पाईपच्या तोंडाशी केशरी बर्फ चमकत होता.

"बघ बेटा, काही दुखत नाही. अशी नुसती जीभ लावायची आणि..."

त्यानं जीभ लावली. बर्फाला लावली, आणि बर्फाभोवतीच्या थंडगार स्टीलच्या कडेलाही लावली.

पुढचं वाक्य आलंच नाही. जीभ जी चिकटली ती चिकटलीच. हनुवटीखाली पाईप लोंबकळत, डोळे विस्फारून तो स्वयंपाकघरात गरागरा फिरू लागला.

"आं! आं! आंआं!"

"थांबा!" तिचा गाडीतला आवाज लागला. "आहे तिथे थांबा. ओढू नका. घाबरू नका. नाकानं श्वास घ्या. आता हळू... हळूच मागे या. ओट्याकडे. ब्रेक! ब्रेक म्हटलं मी!"

तो ओट्याला पाठ लावून उभा राहिला. तिनं ती कोमट रसाची वाटी उचलली आणि त्याच्या जिभेवरून धार धरली. रस शर्टावर, विजारीत, चपलेत गेला. अखेर पाईप सुटून ठणठणत जमिनीवर पडला.

त्याच वेळी दारातून एक आवाज आला. रेडिओ हसत होती! गळा दोन्ही हातांनी धरून, दुखतंय म्हणून तोंड वेडंवाकडं करून, तरी हसत होती. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं चपला घातल्या आणि ती थेट दुकान गाठून चार पांढऱ्या आइसकँड्या घेऊन आली.

परत आली तर बापलेक सोफ्यावर शेजारी शेजारी. तिनं एकेक कँडी दोघांच्या हातात दिली. लेकीनं नेहमीसारखी मान हलवली. आणि बापानंही हलवली.

"नको," तो जिभेला सांभाळत पुटपुटला. "थुखतंय. नाही गिलवत."

रेडिओनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन दिवसांच्या मौनानंतर तिच्या तोंडून खरखरीत, बारीकसे शब्द बाहेर पडले.

"बाबा, एकच घास. माझ्यासाठी."

"नको. भीती वातते."

"मी आधी खाते. मग तू खा. हं, बघ." तिनं कँडीचा एक तुकडा तोडला, डोळे गच्च मिटले आणि गिळला. डोळे उघडले. "बघ, काही नाही होत. आता तू."

त्यानं चाटली. मग तिनं. असं करत करत तिची अख्खी कँडी संपली. आईनं डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि सलाईनचं संकट टळलं.

थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात गेली. प्लंबर ओट्याशी पाठमोरा उभा राहून कडकडीत टोस्ट कराकरा चावत होता आणि वर वाफाळता चहा घेत होता.

"अहो! आणि जीभ?"

"पाच मिनिटांत बरी झाली," तो अगदी स्पष्ट शब्दांत, पण हळू आवाजात म्हणाला. "तिला सांगू नकोस. अजून दोन दिवस दुखणार आहे."

बाहेरून हाक आली, "बाबा, तुझी दुसरी वितळतेय! ये, मी आधी खाते!"

त्यानं तोंड पुसलं, चेहरा पाडला आणि कण्हत बाहेर गेला.