पिकलेली बातमी

आमच्या शेजारच्या मनूभाऊ ताम्हाण्यांकडे रोज सकाळी ताजा पेपर येतो आणि ते तो वाचत नाहीत. घडीसुद्धा न मोडता पेपर आतल्या खोलीत आंब्याच्या रिकाम्या पेटीत जातो. थप्पीत वर आजचा, आणि वाचायला घेतात तो सगळ्यात खालचा. म्हणजे आम्ही दिवाळीच्या चकल्या तळत असतो तेव्हा मनूभाऊ गणपतीतल्या बातम्या वाचत असतात. एकदा भर पावसाळ्यात गॅलरीतून मला म्हणाले, "वहिनी, यंदा उकाडा फार होणार म्हणतायत." मी ओली छत्री झटकत उभी होते. 

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "ताजी बातमी कच्ची असते, वहिनी. पोटात दुखतं. बातमी पिकली पाहिजे."

मनूभाऊ म्हणजे मनोहर ताम्हाणे. जन्म कर्जतचा, नोकरी नेरळच्या वीज कचेरीत, लग्न केलं नाही. डोक्यावर केस थोडेच उरलेत, पण उरलेत तेवढे मागे रबरात बांधलेले. खाली पांढरा लेंगा आणि वर काळा टीशर्ट, त्यावर चार झिपऱ्या माणसांचं चित्र. धुऊन धुऊन आता चौघांचीही नाकं गेलीत. याच अवतारात ते भाजी आणतात आणि याच अवतारात सत्यनारायणाच्या प्रसादाला येतात. ही चार माणसं म्हणजे विलायतेतला एक रॉक बँड. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कसंही लिहिलं तरी उच्चार चुकला म्हणून मनूभाऊ भांडायला येतील, आणि भांडायला आले की चहा घेतल्याशिवाय जात नाहीत.

मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी शाळेत मराठी शिकवलं. लग्न होऊन या आळीत आले तेव्हा पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून असा काही दणदणाट सुरू झाला की मला वाटलं, शेजारी पत्रे ठोकताहेत. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मनू गाणी ऐकतोय. सवय होईल हो." झाली सवय. आता रविवारी आवाज आला नाही तर मीच भिंतीवर थाप मारते.

हल्ली गायकाला शिंक आली तरी माझ्या नातवाच्या फोनवर टिंग वाजतं. त्या काळी कर्जतला असल्या बँडची बातमी यायची कुठून? मराठी पेपरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मनूभाऊंची बातमी यायची माथेरानवरून. तिथल्या हॉटेलांत परदेशी पाहुणे उतरायचे आणि वाचून झालेली मासिकं खोलीत टाकून जायचे. ती गोणीत भरली जायची, आणि गोणी भरली की छोट्या गाडीने खाली नेरळच्या रद्दीवाल्याकडे. कचेरी सुटली की मनूभाऊ त्या रद्दीत फतकल मारून बसलेले. आधीच शिळी झालेली बातमी इथे पोचेपर्यंत आणखी मुरायची. कधी रद्दीवाला पानं फाडून दुकानदारांना देऊन मोकळा झालेला असायचा. मग मनूभाऊ पुड्यांच्या मागावर. एका मुलाखतीची सुरुवात त्यांना शेंगदाण्याच्या पुडीवर सापडली. पुढचा भाग मिळावा म्हणून ते कितीतरी दिवस नेरळ स्टेशनबाहेर शेंगदाणे विकत घेत राहिले. पुढचा भाग काही मिळाला नाही, पोट तेवढं बिघडलं.

बरं, मिळालेली बातमी स्वतःजवळ ठेवतील तर ते मनूभाऊ कसले. आळीच्या तोंडाशी मंडळाचा वार्ताफलक आहे, काळा फळा, वर पत्र्याचं छप्पर. डावीकडे मंडळाच्या सूचना असायच्या आणि उजवा अर्धा भाग मनूभाऊंनी कधी बळकावला ते कुणालाच आठवत नाही. खडू मी शाळेतून आणून द्यायची. इकडे "उद्या पाणी येणार नाही" आणि तिकडे "थोरल्यांचा घसा बसला, दौरा पुढे ढकलला." थोरले म्हणजे गायक आणि धाकटे म्हणजे गिटारवाले. आळीतल्या बायकांना साहेबाची नावं जमत नाहीत म्हणून मनूभाऊंनी ही सोय केली होती. तेव्हा दूधवाली ठमाबाई ज्येष्ठमधाची काडी घेऊन आली होती. म्हणाली, "तुमच्या थोरल्यास्नी द्या, चघळाया सांगा." मनूभाऊंनी ती घेतली आणि वर जपून ठेवली.

या सगळ्यात त्यांना एकच भागीदार होता, खालापूरचा सदाशिव ठोंबरे. सदूभाऊ तहसील कचेरीत शिपाई होते. बँडचं वेड सारखंच, पण बातमीची वाट वेगळी. त्यांच्याकडे रेडिओ होता, त्यावर परदेशी स्टेशन लागायचं. ते लागावं म्हणून रेडिओची तार त्यांनी परसात कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली होती. बायको ओले कपडे घेऊन आली की बातमी बुडालीच. त्यामुळे सदूभाऊंची बातमी लवकर यायची पण अर्धवट, आणि मनूभाऊंची उशिरा पण साग्रसंगीत. पहिला कोण, यावरून दोघांचा वाद कायमचा. मनूभाऊ म्हणायचे, अर्धी बातमी धरायची नाही. म्हणजे सदूभाऊ कधीच पहिले नाहीत.

एकदा मात्र सदूभाऊंनी एसटीच्या कंडक्टरकडे तोंडी निरोप पाठवला की धाकटे गेले. एवढी मोठी बातमी, मनूभाऊंना थांबवेना. त्यांनी फळ्यावर दुःखद निधन लिहिलं आणि ओट्यावर येऊन बसले. दाढी नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भात देतात. सासूबाईंनी मला पिठलं टाकायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, कुठला कोण साहेब तो. त्या म्हणाल्या, "असेल कुठला का. सुतक आपल्या मनूला लागलंय ना?" मग काय, आळीतल्या घराघरातून पिठलं गेलं. एकटा माणूस, इतकं पिठलं, तेही त्यांनी भरल्या डोळ्यांनी खाल्लं.

पुढे माथेरानची गोणी उतरली आणि त्यातल्या मासिकात धाकटे हसत गिटार वाजवताना दिसले. गेले होते त्यांचे वडील. वाक्याचा उरलेला भाग सदूभाऊंच्या बायकोने वाळत घातलेल्या गोधडीखाली गेला होता. मनूभाऊंचा नियम असा की चूक झाली तर दुरुस्ती बातमीपेक्षा मोठ्या अक्षरांत करायची. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शुद्धिपत्र आलं. "धाकटे सुखरूप. गेले ते वडील. पिठल्याबद्दल आळीचे आभार." लोक हसून हसून बेजार. सदूभाऊ मात्र खालापूरहून येऊन मान खाली घालून बसले. मनूभाऊ एवढंच म्हणाले, "पिकू द्यायची रे, सदू." तेव्हापासून सदूभाऊंनी स्वतःची बातमी कधी सांगितली नाही. दर गुरुवारी मनूभाऊ खालापूरला जायचे आणि सदूभाऊ म्हणायचे, "मला काय कळलं नाय, तू सांग."

यंदा होळीनंतर थोरले खरोखर गेले. नातवाने सकाळी फोनवर दाखवलं. मी तो फोन घेऊन तशीच शेजारी गेले. मनूभाऊंनी फोन हात लांब करून वाचला आणि मला परत दिला. "कच्ची आहे," म्हणाले. माझं डोकंच फिरलं. सगळं जग रडतंय आणि यांची कच्ची. मी दोन शब्द सुनावून परतले. संध्याकाळी दिसले तेव्हा अंगात काळा टीशर्ट नव्हता, पांढरा सदरा होता, आणि फळ्याचा उजवा भाग कोरा होता. रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी थाप मारली, तरी आला नाही.

शेवटी मीच जाऊन बसले समोर. तेव्हा बोलले. सदूभाऊंची छाती पार गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. अंथरुणाला खिळलेला माणूस, आठवडाभर गुरुवारची वाट बघणारा. "त्याला हे कळता कामा नये, वहिनी. सदू आहे तोवर थोरले राहिले पाहिजेत." फळ्यावर लिहिलं तर एखादा कंडक्टर वाचेल आणि निरोप खालापूरला पोचेल, ही भीती. मला हसू आलं आणि लगेच पदराने डोळे पुसावे लागले.

पुढच्या गुरुवारी मलाही सातबाऱ्याच्या कामाला खालापूरला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीने निघालो. काम उरकून मी सदूभाऊंकडे गेले. ते खिडकीशी उशांना टेकून बसले होते, हाडांचा सापळा नुसता. मनूभाऊ सांगत होते की थोरल्यांचा घसा आता उत्तम आहे, नवी गाणी चालली आहेत, पुढच्या वर्षी दौरा निघेल. ज्या माणसाने त्या पिठल्यानंतर पुन्हा कधी कच्ची बातमी फळ्याला लागू दिली नाही तो डोळ्याला डोळा भिडवून थापा मारत होता, आणि चांगल्या मारत होता. सदूभाऊ मान हलवत होते. "निघल, निघल. आपन जाव दोगं."

मग मनूभाऊ एसटीची वेळ विचारायला नाक्यावर गेले. ते दिसेनासे होईपर्यंत सदूभाऊ खिडकीतून बघत राहिले. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"बाई, थोरलं गेलं. सुनंच्या फोनवर आलं व्हतं, त्याच दिशी पाटंला." दम घेतला. "मनूला सांगू नका. त्याच्याकडं फोन नाय, पेपर तो पेटीत घालतो. त्याला नाय म्हाईत. एकटा मानूस, खचल तो."

मी त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली. 

"जल्मात एकदा मला बातमी आदी लागली," सदूभाऊ म्हणाले, "पुरी लागली. आन् ती ही. कशी सांगू त्याला?"

परतताना एसटीत मनूभाऊ खुशीत होते. म्हणाले, सदूला काही संशय आला नाही. मी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत सदूभाऊ गेले. मनूभाऊ खालापूरहून परत आले ते तडक फळ्याशी गेले. उजव्या बाजूला लिहिलं, "थोरले गेले. सदाशिव ठोंबरे, खालापूर, गेले." आणि ओट्यावर जाऊन बसले. आता आळीत फ्लॅट झालेत, निम्मी माणसं नवी. लोक येता-जाता फळ्यावर पाण्याची वेळ बघत होते. उजवीकडचं वाचून कुणी थांबलं नाही. सदूभाऊ काही मनूभाऊंच्या नात्यातले नव्हते, मग कोण कशाला विचारणार?

मी घरात गेले आणि पिठलं टाकलं. भात लावला. ताट झाकून त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. मनूभाऊंनी ताटावरची झाकणी काढली, पिठलं पाहिलं आणि ताट जवळ ओढलं. मग जेवायला लागले. ते दोन घास जेवले तेव्हा मी सांगितलं. सदूभाऊ आता नव्हते, आणि हे माझ्याच्याने एकटीने सांभाळवत नव्हतं.

"सदूभाऊंना माहीत होतं."

हात थांबला. "काय माहीत होतं?"

"थोरल्यांचं. सुनेच्या फोनवर आलं होतं, त्याच दिवशी पहाटे. तुम्ही खचाल म्हणून बोलले नाहीत."

"पहाटे?" मनूभाऊ म्हणाले. "तुम्ही मला सकाळी दाखवलंत."

"हो."

मग ते रडले, मोठ्याने, ताटावर बसूनच. मीही रडले, खोटं कशाला बोलू. डोळे पुसून त्यांनी विचारलं, की त्याला नीट कळलं होतं का, सगळं, की अर्धंच? मी म्हटलं, सगळं. त्यांनी ताट स्वच्छ केलं, आणखी थोडा भात मागितला आणि मी ताट घेऊन निघाले तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "वहिनी, खडू आहे का घरात?"

सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर मनूभाऊ काळा टीशर्ट घालून फळ्यासमोर उभे होते. उजवी बाजू पुसून त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"शुद्धिपत्र. थोरल्यांची बातमी श्री. सदाशिव ठोंबरे यांना आमच्या आधी लागली होती. बातमी पूर्ण होती."