गव्यासाठी कोणता गॅस घ्यावा?

एका जंगलात, बाळांनो, खऱ्या लढाया कधीच बंद पडल्या होत्या. आता सगळे खोट्या बंदुकांनी खेळायचे. बंदुकीत गॅस भरायचा आणि प्लॅस्टिकची गोळी उडवायची. ज्याला लागेल त्याने आपणहून पाय वर करायचा, "लागली!" म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. मैदान सोडलं की बाद. पंचबिंच कुणी नाही. शेवटी जो उरेल त्याला उन्हाळाभर पाणवठ्यावर पहिला मान.

दरसाल भुजबा गवाच उरायचा. तो कळपासकट पाण्यात उतरला की मागच्यांना नुसता चिखल. बारकू मुंगसाची पिल्लं तोच चिखल पिऊन आजारी पडायची. बारकू रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसायचा हो!

बारकूचा नेम पक्का होता. गेल्या वर्षी त्याची गोळी थेट गव्याच्या नाकाडावर बसली होती. गव्याने पाय काही वर केला नाही.

"माझा गॅसच कमजोर," बारकू म्हणाला. इतका साधा प्राणी!

तो तरसाच्या दुकानात गेला.

"तरसभाऊ, गव्याला लागेल असा गॅस द्या."

"हा ग्रीन गॅस घ्या. बंदुकीला आतून तेलही मिळतं. थंडीत तेवढा आळसावतो."

"सामना तर भल्या पहाटे सुरू होतो."

"मग कार्बन डायऑक्साइड! काय जोर, काय जोर! भराभर झाडलात तर बंदूक गारठते, रबरं फाटतात. पण जोर बघा ना!"

"आणि त्या टाकीत काय आहे?"

"दाबलेली हवा. ऊन असो, थंडी असो, मारा एकसारखा. टाकी पाठीवर वागवावी लागते, इतकंच."

बारकूने तिन्ही घेतले. तरस हसला. तरस हसतोच म्हणा.

सामन्याच्या पहाटे कडाक्याची थंडी होती. ग्रीन गॅसची गोळी गव्याच्या खुरापाशी लोळली. कार्बन डायऑक्साइडची कानावर बसली. "माशा फार झाल्यात," गवा म्हणाला. तेवढ्यात बंदुकीचं रबर फाटलं. बारकूने धावपळ करून दुसरी बंदूक टाकीला जोडली. टक, टक, टक! सगळ्या गोळ्या गव्याच्या कपाळावर.

"कोण दार वाजवतंय?" गव्याने विचारलं.

आणि मग, बाळांनो, गव्याची गोळी झाडावर आपटून बारकूच्या शेपटीला लागली. कुणीच पाहिलं नाही. "लागली" हा शब्द बारकूच्या अगदी ओठांवर आला. आईने लावलेली सवय ती! पण त्याला पिल्लं आठवली.

"वारा सुटलाय," तो पुटपुटला. त्याचे कान लालेलाल झाले.

बाकीचे केव्हाच बाद झाले होते. हे दोघे संध्याकाळपर्यंत उभे. शेवटी गव्याला तहान लागली. "जरा घसा ओला करून येतो," म्हणत तो कळप घेऊन निघाला.

मैदान सोडलं! बारकू जिंकला! तो पिल्लांना घेऊन वाजतगाजत पाणवठ्यावर गेला.

चिखलातून बाहेर येत गवा अदबीने बाजूला झाला. "या, बारकूशेठ! पहिला मान तुमचाच. आम्ही आपले सहज आलो होतो."

पिल्लांनी चिखलाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी," बारकू म्हणाला, "याहून जोराचा गॅस आणतो."

तात्पर्य : गोळी लागली की नाही हे ज्याला लागली त्यालाच विचारायचं असेल, तर कुठलाही गॅस चालतो. मुलांनो, तुम्ही मोठेपणी तरसासारखं दुकान काढा.