एक ओळ जास्त

"मावशी, तुमच्या नवऱ्याचं पक्कं घर आहे. म्हणून तुमचं घरकुल कटलं," भुपेंद्र म्हणाला आणि कॉम्प्युटरकडेच बघत राहिला.

निर्मलाबाईने पदराने घाम पुसला. "माहा नवरा? तो मरून गेला, बाबू. अन् जित्ता होता तवा त्याच्या नावानं धड बैलबंडी नव्हती. पक्कं घर कुठचं?"

"यादीत तं जित्ता दिसून रायला."

"असं का? नाव का हाय त्याचं?"

भुपेंद्रने मान पुढे नेऊन वाचलं आणि तीच मान हळूच मागे घेतली. "तेजराम."

तेजराम म्हणजे निर्मलाबाईचा शेजारी. बायको ताराबाई, मुलगा कैलाश, मुलगी टीना आणि स्लॅबचं घर, असा भरलेला माणूस. त्याच्या स्लॅबचं पाणी पावसाळाभर निर्मलाबाईच्या मातीच्या भिंतीवर पडायचं. भिंत आता पोट आल्यासारखी फुगली होती, आणि पुढचा पावसाळा ती काढेल असं दिघोरी गावात कोणी म्हणत नव्हतं. त्या पाण्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. ज्या माणसाचं तोंड बघायला ती तयार नव्हती, त्याच्याशी सरकारने तिचं लग्न लावून दिलं होतं. विचारायचीही तसदी घेतली नव्हती.

झालं होतं ते साधंच. घरकुलाच्या सर्व्हेचे फॉर्म भुपेंद्रच्या कॉम्प्युटर सेंटरवर भरले जात होते. तेच गाव, तोच तालुका, तोच जिल्हा. दर ओळीला ते टाइप करत बसेल तो मूर्ख. एकदा लिहायचं, चौकटीचा कोपरा माउसने धरायचा आणि खाली ओढायचं; जिथवर ओढाल तिथवर तेच उमटत जातं. 'पती किंवा वडील' या रकान्यात भुपेंद्रने ताराबाईपुढे तेजराम लिहिलं आणि ओढलं. कैलाशचा बाप तेजराम, टीनाचा बाप तेजराम. तेवढ्यात दारात कोणी हाक मारली, हात एक ओळ जास्त गेला. टीनाच्या खालची ओळ निर्मलाबाईची होती. लोक स्थळं शोधताना चपला झिजवतात, इथे बोटभर माउस सरकला आणि काम झालं.

"मंग कर दुरुस्त."

"आता नाई होत, मावशी. यादी वर गेली."

"वर म्हंजे? जिथं माहा नवरा गेला तिथं?"

वर म्हणजे मोठ्या ऑफिसात. निर्मलाबाई एसटीने तिथे गेली. बाबूलाल नावाच्या बाबूने तिच्या हातातला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला उलटसुलट पाहिला.

"हा तर दुसऱ्याच माणसाचा आहे. यादीत तेजराम आहे. तेजराम मेल्याचा दाखला आणा."

"तो मेला नाई जी. सकाळीच दात घासत होता."

"मग घटस्फोटाचा कागद आणा."

"लगन झालं तं घटस्फोट होईल ना!"

"ते तुमचं घरगुती आहे," बाबूलाल म्हणाला आणि चहा प्यायला गेला. सगळा पगार डोळे मिटून बसण्याचा घेणाऱ्या माणसाला एका बाईच्या भिंतीचं काय?

नाइलाजाने तिने अबोला मोडला. संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "तेजरामभाऊ, एक डाव ऑफिसात चाला. ही माही बायको नाई, एवढंच सांगा."

"मले टाइम नाई. कागद तुहा हाय, तू पाह्य," तेजराम म्हणाला आणि घरात गेला.

निर्मलाबाई घरात परतली. रात्री शांत झोपली. सकाळी तिने पेटी काढली, भाताचं पातेलं घेतलं, दोन्ही बकऱ्या सोडल्या आणि तेजरामच्या दारापुढच्या छपरीत जाऊन बसली.

ताराबाई अंगण झाडत होती. "काय वं निर्मला, कुठं निघाली?"

"निघाली नाई, आली. सरकार म्हणते, हे माह्या नवऱ्याचं घर हाय. मंग म्या मातीच्या घरात कायले दबून मरू? बकऱ्या कुठं बांधू, सांग."

ताराबाईच्या हातातला खराटा खाली पडला. "अजी! बाहेर या! दुसरं लगन केलं का तुमी?"

तेजराम तोंडात ब्रश घेऊनच धावत आला. "पागल झाली का? मी हिच्यासंग बोलत बी नाई!"

"तेच म्हणतो!" ताराबाई कडाडली. "शेजारीण हाय अन् बोलत नाई, म्हंजे काही तरी हायच!"

"आई," आतून टीनाचा आवाज आला, "लहान्या आईसाठी चहा ठेवू का?"

"तुही जीभ हासडतो, थांब!" ताराबाई आत बघून ओरडली.

चहा मात्र आला. निर्मलाबाईने बशीत ओतून निवांत प्यायला. तोवर एका बकरीने ताराबाईच्या तुळशीचा शेंडा खाल्ला आणि गल्ली कुंपणाला येऊन लागली. पलीकडच्या घरातला मंगरू तर हात जोडूनच आला. "तेजरामभाऊ, या वयात! जेवण कवा हाय?"

ज्याला टाइम नव्हता त्याने तोंड न धुता गाडीला किक मारली.

विधवेच्या खेपांनी जे झालं नाही, ते दोन बायकांच्या नवऱ्याने दुपारच्या जेवणाआधी करून आणलं. बाईचं दुःख ऑफिसला ऐकू येत नाही. पुरुषाची फजिती झाली की कान लगेच उघडतात. दुरुस्त करून यादी पुन्हा पाठवा, असा हुकूम भुपेंद्रला आला. त्याच्या खुर्चीमागे तेजराम आणि निर्मलाबाई दोघंही उभे राहिले, अंतर ठेवून.

"नवऱ्याच्या जागी का लिहू, मावशी? कोरं सोडलं तं घेत नाई."

"नाई तं नाई लिही."

भुपेंद्रने 'लागू नाही' असं लिहिलं.

"आता ओढू नोको बे!" तेजराम ओरडला.

"नाई ओढत, काका." भुपेंद्रने खरंच ओढलं नाही. पण सवय ही सवय. ओढायचा कंटाळा आला की तो कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारायचा, मग यादी संपेपर्यंत तेच खाली उतरत जायचं. बोटाने टिचकी मारली, डोळ्यांनी पाहिलं नाही आणि यादी वर गेली.

वर कोणी वाचत नाही, म्हणून ती लवकर मंजूर झाली. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. निर्मलाबाई, एकल महिला, पात्र. तिच्या खाली गल्लीच्या टोकापर्यंत साऱ्या बायका एकल, साऱ्या पात्र, आणि साऱ्यांचे नवरे लागू नाहीत.

"मी कुठं गेलो?" मंगरू फळ्यापुढे उभा राहून विचारत होता. पुरुषांनी पंचायतीत गोंधळ घातला. ग्रामसेवकाने नियम दाखवला: हरकत घ्यायची तर ज्या बाईचं नाव आहे तिनेच अर्ज करावा. मुदतीत करावा.

पुरुष घरी गेले. बायकांनी ऐकून घेतलं, एकमेकींकडे पाहिलं आणि शेतावर निघून गेल्या. मुदत संपली. एकीचाही अर्ज आला नाही.

निर्मलाबाई मंजुरीचा कागद घ्यायला सेंटरवर बसली होती, तेव्हा ताराबाई तणतणत आत शिरली. भुपेंद्र मार चुकवायला उभाच राहिला.

"का रे भुप्या, माही ओळ काहून सोडली?"

"काकू, तुमच्या नवऱ्याचं पक्कं घर आहे ना."

"त्याचं हाय! माह्या नावानं का हाय?"

भुपेंद्रने मान कॉम्प्युटरकडे वळवली. निर्मलाबाईने बाकावर सरकून जागा करून दिली. ताराबाई टेकली, पदराने वारा घेतला आणि जरा नरमाईने म्हणाली,

"थोडं वरून ओढलं असतं तं तुहा हात मोडला असता का, बाबू?"