तीन वर्षांचं बेकायदा मूल

सॅडल रेस्ट नगराच्या क्षेत्र-नियोजन कार्यालयाने मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी श्रीमती आर्डिथ केसलर यांच्या गराजच्या दारावर एक गुलाबी नोटीस चिकटवली. सदर घरात तीन वर्षे वयाचे एक बालक विनापरवाना वास्तव्य करीत असून ते तातडीने नगराच्या हद्दीबाहेर हलवण्यात यावे, असे तीत नमूद केले होते.

आर्डिथबाई एकाहत्तर वर्षांच्या. मूलबाळ नाही, नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. पण नोटिशीवर शिक्का होता, खाली सही होती, तेव्हा बाईंनी आत जाऊन पलंगाखाली वाकून पाहिलं. मग कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण उघडून त्यातही पाहिलं. कुणी नव्हतं.

सॅडल रेस्टमध्ये मूल सापडणं म्हणजे काही चेष्टा नव्हती. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं हे गाव पंचावन्न वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी राखीव. एकोणीसच्या आतल्या जिवाला वर्षातून तीस रात्री मुक्कामाची मुभा, एकतिसाव्या रात्री दंड. अंगणात गवताऐवजी हिरवी रंगवलेली खडी, आणि ती नेमकी किती हिरवी असावी याचा नमुना कार्यालयात टांगलेला. दुपारी एक ते तीन गावात इतकी शांतता की कुणाच्या कवळीचा पेला हलला तरी ऐकू यावं.

बाई आपल्या गोल्फगाडीत बसल्या आणि थेट कार्यालयात पोहोचल्या. नियोजन अधिकारी फेन्ट्रेस हा चौतीस वर्षांचा अत्यंत सभ्य गृहस्थ. वयाच्या कारणाने त्याला स्वतःला गावात राहता येत नसे. गावाचे नियम तो रोज चाळीस मैलांवरून येऊन राबवीत असे.

"साहेब, माझ्या घरात मूल नाही," बाई म्हणाल्या.

"आहे, मॅडम." त्याने फाइल उघडली. "नाव, केसलर गोल्फगाडी दुरुस्ती. नोंदणी तीन वर्षांपूर्वीची, मार्चमधली."

"अहो, ते माझं दुकान आहे!"

"असेल. पण दप्तरी ते रहिवासी आहे. ऐका हं. 'रहिवासी म्हणजे घर व्यापणारी, स्वतंत्र नाव असणारी आणि नगराच्या दप्तरी नोंद असणारी कोणतीही व्यक्ती अथवा वस्तू.' रहिवासी म्हटलं की वय आलं. वय तीन म्हटलं की बालक आलं."

"असला येडपट नियम केला तरी कुणी?"

फेन्ट्रेसने पान उलटलं आणि बोट ठेवलं. "सूचक श्री. हॅनिगन. अनुमोदक श्रीमती आर्डिथ केसलर."

बाईंना आठवलं, आणि नको तेवढं आठवलं. शेजारी राहणारे एमॉरी ऑस्ट्रँडर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक इस्पितळात पडली म्हणून बारा वर्षांची नात पायपर त्यांच्याकडे आली आणि एकेचाळीस रात्री राहिली. पोरगी दुपारी दीड वाजता सायकलची घंटी वाजवायची. पोहण्याच्या तलावात उडी मारायची, म्हणजे अक्षरशः उडी! गाव हादरलं. सुनावणीत एमॉरींनी सांगितलं, की पोरगी पाहुणी आहे, राहते ती फक्त तिची गादी. ही पळवाट बुजवण्यासाठीच नियमात 'अथवा वस्तू' हे शब्द घातले गेले. गादीही गेली, पोरगीही दूर डकोटातल्या कुणा चुलत आत्याकडे गेली, आणि बाईंची दुपारची झोप परत आली.

"मग आता मी करू काय?" बाईंनी विचारलं.

"दोन मार्ग आहेत. दुकान पंचावन्न वर्षांचं होईपर्यंत बाहेर ठेवा. ती मुदत बावन्न वर्षांनी संपते, तेव्हा माझ्या जागी जो कुणी असेल त्याला भेटा. किंवा पंचावन्नच्या पुढचं एखादं दुकान असेल तर ते आणा. त्याला कोण अडवणार?"

बाई घरी परत आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. हाताला ग्रीस लागलं नाही तर जेवण जात नसे. नवरा गेल्यावर सगळ्यांनी पत्ते खेळ, विणकाम शिक, असे सल्ले दिले. पण बाईंना माणसांत आणलं ते या गराजने. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाचा ब्रेक घासतोय. दुकान गेलं असतं तर त्या सकाळी उठून करणार काय होत्या?

त्याच दुपारी एमॉरी आले. नाकात प्राणवायूची नळी, एका हाताने बाटलीची ढकलगाडी ओढत.

"आर्डिथ, माझी गाडी बंद पडली गं."

"माझं दुकानच बंद पडलंय, एमॉरी." बाईंनी सगळं सांगितलं, अनुमोदकाचं नाव तेवढं वगळून.

एमॉरी खुर्चीत बसून दम खात म्हणाले, "माझ्या बापाचं दुकान घेऊन टाक. नेब्रास्कातलं, एकोणीसशे एकोणपन्नास सालचं. धंदा केव्हाच बंद केला, पण नोंद रद्द करवली नाही. बापाचं नाव आहे ना त्यात."

"कसलं दुकान?"

"अंत्यविधीचं."

बाईंनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाल्या, "तुमच्या पायपरच्या वेळी मी..."

"ठाऊक आहे मला. तिसऱ्या रांगेत बसली होतीस, अगदी माझ्यासमोर हात वर केलास."

"आणि तरी देताय?"

"माझी गाडी बंद आहे, बाई. आणि रुसून बसायला लागतो तेवढा श्वास माझ्याकडे नाही."

बाईंना लाज वाटली. चांगली कानापर्यंत वाटली, पण दुकान त्यांनी घेतलं.

फेन्ट्रेसने शहात्तर वर्षांच्या रहिवाशाचं मनापासून स्वागत केलं. अट एकच होती. ज्येष्ठ व्यवसायाने आपला मूळ धंदा सोडलेला नसावा. त्यामुळे गराजवर काळ्या अक्षरांत 'ऑस्ट्रँडर अंत्यविधी सेवा' अशी पाटी लागली आणि आत नमुन्यादाखल एक शवपेटी आली. बाई तीत आपले दुरुस्तीचे पाने ठेवू लागल्या. आकड्यांप्रमाणे लावून ठेवायला इतकी ऐसपैस पेटी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात हॅनिगनची गाडी ब्रेकसाठी आली आणि पाटीखाली उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती पाहिली. आता या गावात कुणी गेलं की घरच्यांना चूल पेटवू देत नाहीत. ओव्हनमध्ये भाजलेल्या मॅकरोनीची भांडी तासाभरात दारात येतात, भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी लावून. हॅनिगनने दार उघडलं तेव्हा पायरीवर सात भांडी होती. तो ओरडला, "अरे, मी जिवंत आहे!" पण तीन भांडी ट्यूना माशाची होती, तेव्हा त्याने फार ताणलं नाही. पुढे पुढे तर लोक धडधाकट गाड्यासुद्धा बाईंकडे सोडू लागले.

महिनाअखेरीस मात्र फेन्ट्रेसने बाईंकडे ग्राहकांची यादी मागितली. अंत्यविधी सेवेत आलेल्या प्रत्येक ग्राहकाची नोंद मृत्यूच्या वहीत करणं बंधनकारक होतं. बाईंनी त्रेसष्ट नावं दिली. फेन्ट्रेसने ती सुवाच्य अक्षरात वहीत चढवली.

"पण हे सगळे हिंडतायत-फिरतायत!" बाई म्हणाल्या.

"हिंडण्याफिरण्याची नोंद आमच्याकडे नसते, मॅडम."

वही मिटली आणि खरा घोटाळा वर आला. गाव राखीव राहायचं तर शंभरातल्या ऐंशी घरांत पंचावन्नच्या पुढचा जिवंत माणूस हवा. त्रेसष्ट मयत वजा जाता हा आकडा शंभरात चौऱ्याहत्तरवर घसरला. म्हणजे राखीवपणा जाणार, लेकुरवाळी कुटुंबं येणार, सायकली येणार! गावाने आयुष्यात एवढा धसका कशाचाच घेतला नव्हता, हृदयविकाराचाही नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तातडीची सभा भरली. मयतांसाठी मागे वेगळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांत हॅनिगन होता, एमॉरीही होते. त्यांचीही गाडी दुरुस्त झालेली होती.

"मयतांनी कृपया मतदानात हात वर करू नयेत," फेन्ट्रेसने सुरुवात केली. "आपल्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. 'अ', गेल्या हिवाळ्यातली 'अथवा वस्तू' ही नियमातली दुरुस्ती मुळासकट रद्द करावी. दुकान हे दुकान आणि पाहुणा हा पाहुणा, पूर्वीसारखं. त्रेसष्ट नावं वहीतून निघतील. 'ब', दुरुस्ती कायम ठेवावी, परंतु श्रीमती केसलर यांचं मूळ दुकान गावाला उपयुक्त असल्याने त्याचं मानीव वय पंचावन्न धरावं. तरीही त्रेसष्ट नावं निघतील."

मागून नळीतून शिट्टीसारखा आवाज आला. एमॉरी उभे राहत होते. "साहेब, माझ्या लेकीचं पुन्हा ऑपरेशन आहे. पोरीला ठेवायला दुसरं घर नाही हो. डकोटाची आत्या गेली. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पायपरचं मानीव वय पंचावन्न धरता येईल का?"

फेन्ट्रेसने नियम चाळले. तो खरंच सभ्य होता. "तिची उपयुक्तता सिद्ध करावी लागेल, मिस्टर ऑस्ट्रँडर. शिवाय अर्जदार जिवंत हवा." मग तो बाईंकडे वळला. "मूळ तक्रार तुमच्या दुकानाची. कोणता प्रस्ताव मांडायचा ते तुम्ही ठरवा. सभा तुमच्यामागे जाईल असं दिसतंय."

खरंच होतं ते. सगळ्यांना आपापल्या गाड्या हव्या होत्या. बाई 'अ' म्हणाल्या असत्या तरी हात वर झालेच असते, आणि पायपरलाही पाहुणी म्हणून राहता आलं असतं. बाईंनी मागे पाहिलं. एमॉरी त्यांच्याकडेच बघत होते, रागाने नव्हे, आशेने. बाईंना त्यांनी दिलेली नोंद आठवली, त्यांचा बाप आठवला, पान्यांची पेटी आठवली. 'अ' अगदी ओठांवर आला. आणि नेमकी तेव्हाच त्यांना दुपारी दीडची सायकलची घंटी आठवली.

"माझा पोरांवर राग नाही," बाई घसा खाकरत म्हणाल्या. "पण एकीला सवलत दिली की उद्या सगळेच आणतील. नियम म्हणजे नियम. मी 'ब' मांडते."

हात भराभर वर झाले. ठराव संमत झाला, केसलर गोल्फगाडी दुरुस्ती त्या क्षणी पंचावन्न वर्षांची झाली आणि त्रेसष्ट मयत टाळ्यांच्या गजरात जिवंत झाले. जिवंत झाल्याबरोबर हॅनिगननेही 'ब'ला हात वर केला.

दुसऱ्या दिवशी एमॉरी गराजमध्ये आले. बापाच्या नावाची पाटी त्यांनी बगलेत घेतली.

"आर्डिथ, माझ्या गाडीला मोठी बॅटरी बसेल का गं?"

"बसेल की. कुठे लांब जायचंय?"

"हद्दीबाहेर, पेट्रोल पंपाजवळच्या मोटेलात. पायपरला तिथे खोली घेतलीय. दिवसा तिकडे बसत जाईन म्हणतो. येऊन-जाऊन अकरा मैल होतात."

बाईंनी बॅटरी बसवली, गावातली सगळ्यात मोठी. दोनदा पाना निसटला. एमॉरी देऊ लागलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि तेवढ्याने आपण चांगल्या ठरतो असं त्यांना तीन दिवस वाटतही होतं. चौथ्या दिवशी दुपारी दीड वाजता त्या जाग्याच होत्या. बाहेर अगदी शांत होतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्या सभेत असतो तर 'अ'लाच हात वर केला असता. असेलही. हे वाचताना तुमचा एक हात मोकळा असेलच. तुमच्या इमारतीच्या गेल्या सभेत भाडेकरू कुणाला ठेवायचे आणि कुणाला नाही, पोरांनी आवारात खेळायचं की नाही, हे ठरलं, तेव्हा तो हात कुठे होता तेवढं फक्त आठवून बघा.